हातचें न राखतां

विद्या दिल्यानें वाढते, हें वचन आपल्या घरोघरीं मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत असतें. आम्ही तर तें आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलों. परंतु वचन आणि वर्तन यांत अंतर फार. एखाद्या वैद्यानें गुणकारी चाटणाची कृति पोटच्या मुलासही सांगूं नये आणि शेवटीं ती त्याच्याबरोबरच स्मशानांत जावी. एखाद्या आजीबाईंच्या लोणच्याची ख्याति गांवभर व्हावी, पण सुनेनें मसाल्याचें प्रमाण विचारिलें असतां "अंदाजानें घाल, बाई" एवढेंच उत्तर मिळावें. हे प्रकार कोणीं पाहिले नाहींत? व्यापारांत तर असें हातचें राखून ठेवणें शहाणपणाचेंच समजतात. 'माझी युक्ति शेजाऱ्यास कळली, तर माझ्यापाशीं काय उरलें?' हा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतो. या प्रश्नास आम्ही तर्कानें उत्तर देत बसत नाहीं. इतिहासांतील एक घडलेली गोष्ट वाचकांपुढें ठेवितों.

अलीकडे व्यापारशास्त्रांत 'ओपन इनोव्हेशन' असा एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे. हेन्री चेस्ब्रो या अमेरिकन प्राध्यापकांनीं २००३ सालीं याच नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्याचा बोलबाला अधिक. आपण त्यास 'मुक्त संशोधन' म्हणूं. कारखान्यानें सगळे शोध आपल्याच चार भिंतींच्या आंत लावण्याचा हट्ट न धरितां बाहेरचें ज्ञान आंत घ्यावें, आणि आपल्यापाशीं असलेलें बाहेर जाऊं द्यावें, हें त्याचें थोडक्यांत सार. नांव नवें असलें तरी वस्तु जुनी आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा जो एक चिंचोळा, खडकाळ प्रांत आहे, तेथील खाणवाल्यांनीं दोनशें वर्षांपूर्वीं हें करून दाखविलें.

कॉर्नवॉलच्या भूमींत कथील आणि तांबें विपुल. कथील तर तेथून प्राचीन काळापासून बाहेर जात असे. परंतु खाण जसजशी खोल जावी, तसतसें तिच्यांत पाणी भरावें, हा तेथील नित्याचा शाप. पाणी उपसलें नाहीं तर खाण बुडाली, आणि खाण बुडाली म्हणजे तिच्यावर पोट भरणारीं सारीं कुटुंबें बुडालीं. पाणी उपसण्यास वाफेचें यंत्र हवें, यंत्रास कोळसा हवा, आणि कॉर्नवॉलांत कोळशाचा तर खडाही नाहीं! तो समुद्रापलीकडून, दक्षिण वेल्समधून, गलबतांनीं आणावा लागे. म्हणून यंत्र कोळसा किती खातें, या एका प्रश्नावर त्या प्रांताचें जीवनमरण अवलंबून होतें.

न्यूकोमेन नांवाच्या कारागिरानें १७१२ सालीं केलेलें पहिलें यंत्र फार खादाड होतें. पुढें जेम्स वॅट यानें वाफ थंड करण्याचें पात्र मुख्य नळकांड्यापासून निराळें काढिलें, आणि कोळशाची मोठी बचत साधली. या युक्तीचें पेटंट त्यास १७६९ सालीं मिळालें, आणि १७७५ त पार्लमेंटनें कायदा करून त्याची मुदत १८०० पर्यंत वाढविली. वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांची पेढी खाणवाल्यांशीं मोठा चतुर करार करी. जुन्या यंत्राच्या मानानें कोळशाची जेवढी बचत होईल, तिचा तिसरा हिस्सा पेढीस द्यावा! यंत्राचे हेलकावे मोजण्यासाठीं घड्याळासारखें एक साधन यंत्रावर बसवीत, आणि त्यास कुलूप लावीत, म्हणजे हिशेबांत लबाडी होऊं नये.

हा सौदा अन्यायाचा होता, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यानें बुद्धि खर्चिली, त्यानें मोबदला मागावा हें रास्तच. परंतु परिणाम काय झाला, तो पाहण्यासारखा आहे. यंत्रांत सुधारणा करूं पाहणाऱ्या दुसऱ्या कोणासही वाव राहिला नाहीं. जोनाथन हॉर्नब्लोअर यानें १७८१ त दोन नळकांड्यांच्या यंत्राचें पेटंट घेतलें. एडवर्ड बुल यानें आणखी एक निराळी मांडणी केली. परंतु निराळें पात्र वापरल्यावांचून त्यांचें चालेना, आणि तें वापरलें कीं वॅटची पेढी न्यायालयांत खेंची. खाणवाले हिस्सा देण्याचें टाळूं लागले, पेढी दावे लावूं लागली, आणि मने इतकीं विटलीं कीं १८०० सालीं पेटंटाची मुदत संपतांच पेढीचीं माणसें प्रांतांतून निघून गेलीं, आणि त्या पेढीच्या नव्या यंत्रांची मागणीही जवळजवळ बंद पडली.

येथें वाचकांस वाटेल कीं, बंधन सुटलें, आतां प्रगतीचे दरवाजे आपोआप उघडले असतील. तसें मुळींच झालें नाहीं. पुढील दहा वर्षांत यंत्रें उलट बिघडत गेलीं. त्यांची निगा पाहणारा उरला नाहीं, आणि आपलें यंत्र शेजारच्या यंत्राहून बरें कीं वाईट हें कळण्यास कोणापाशींही माप नव्हतें. नुसतें कुलूप काढिल्यानें घर नांदतें होत नाहीं. मुक्तता आली, परंतु व्यवस्था आली नाहीं.

ती व्यवस्था १८११ सालीं आली. कांहीं खाणींच्या भागीदारांनीं आणि व्यवस्थापकांनीं, ज्यांस तेथें 'कॅप्टन' म्हणत, असें ठरविलें कीं, यंत्रांची कामगिरी दर महिन्यास एका त्रयस्थ, विश्वासू माणसाकडून मोजून घ्यावी आणि ती छापून सर्वांस वाटावी. हें काम जोएल लीन नांवाच्या अनुभवी कॅप्टनाकडे सोंपविण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं तो वारला. परंतु त्याच्या मुलांनीं काम पुढें चालविलें. हें मासिक पत्रक 'लीन्स एंजिन रिपोर्टर' या नांवानें प्रसिद्ध असून तें १९०४ पर्यंत, म्हणजे नव्वदांहून अधिक वर्षें, निघत होतें.

त्यांत काय असे? खाणीचें नांव, यंत्राच्या नळकांड्याचा व्यास, पाणी किती खोलीवरून उचललें, यंत्रानें महिन्यांत किती हेलकावे घेतले, कोळसा किती जळला, आणि शेवटीं यंत्र सांभाळणाऱ्या इंजिनियराचें नांव व कांहीं शेरा. या सर्वांतून एक आंकडा काढीत. एक बुशेल, म्हणजे ९४ पौंड, कोळशांत किती पौंड पाणी एक फूट उंच उचललें गेलें, तो हा आंकडा. त्यास ते 'ड्यूटी' म्हणत. सारी मौज या एका आंकड्यांत आहे. यंत्र लहान असो वा मोठें, खाण उथळ असो वा खोल, दोन यंत्रांची तुलना एका ओळींत होऊं लागली. हेलकावे मोजणारें जें साधन पूर्वीं एका पेढीच्या वसुलीसाठीं होतें, तेंच आतां सर्वांच्या खात्रीसाठीं उपयोगीं पडलें.

पुढील वर्षीं, १८१२ त, रिचर्ड ट्रेव्हिथिक या कॉर्नवॉलच्याच सुपुत्रानें व्हील प्रॉस्पर नांवाच्या खाणींत नव्या तऱ्हेचें यंत्र उभें केलें. (कॉर्निश भाषेंत 'व्हील' म्हणजे खाण.) वॅट अधिक दाबाच्या वाफेस भीत असे, ट्रेव्हिथिकनें तीच वापरिली. शिवाय, दट्ट्या थोडा सरकतांच वाफेचा पुरवठा तोडावा आणि आंत कोंडलेल्या वाफेनें प्रसरण पावत उरलेलें काम करावें, अशी त्यानें योजना केली. यामुळें तेवढ्याच वाफेंतून अधिक काम निघूं लागलें. त्यानें या यंत्राचें पेटंट घेतलें नाहीं. कोणीही यावें, पाहावें आणि तसेंच करावें! त्याच सुमारास आर्थर वुल्फ या दुसऱ्या कुशल इंजिनियरानें आपल्या पेटंटाचें दोन नळकांड्यांचें यंत्र तेथें आणिलें, आणि आरंभीं त्याची कामगिरी उत्तमही होती. परंतु तें गुंतागुंतीचें आणि दुरुस्तीस अवघड ठरलें. शेवटीं प्रांतभर पसरलें तें ट्रेव्हिथिकच्या वळणाचें साधें यंत्र. त्यावर प्रत्येकाच्या हाताचा एकेक संस्कार होत गेला.

हे संस्कार कसे होत, याचें एक उदाहरण पुरे आहे. सॅम्युएल ग्रोझ या इंजिनियरानें १८२५ च्या सुमारास असें पाहिलें कीं, बॉयलर, नळ्या आणि नळकांडें उघडीं राहिल्यामुळें पुष्कळ उष्णता वायां जाते. त्यानें तीं सर्व लपेटून झांकलीं. थंडींत आपण मुलास दुलईंत गुंडाळतों, त्यांत आणि यांत तत्त्वतः भेद नाहीं! पण लागलाच मासिक पत्रकांत आंकडा चढलेला दिसला. शेजाऱ्यांनीं जाऊन पाहिलें, आणि त्यांनींही आपापलीं यंत्रें लपेटिलीं. १८२८ पर्यंत ग्रोझच्या व्हील टोवन येथील यंत्राची ड्यूटी आठ कोटींच्या वर गेली. १८३५ त फोवी कन्सोल्स खाणींतील, विल्यम वेस्ट यानें रचिलेल्या यंत्रानें एका चांचणींत साडेबारा कोटींचा आंकडा गांठला. एकट्यादुकट्या यंत्राचें सोडून सरासरी पाहिली, तरी १८११ त जी सुमारें दीड-पावणेदोन कोटी होती, ती १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत सहा कोटींच्या घरांत आली. म्हणजे जेथें पूर्वीं शंभर गोणी कोळसा जळे, तेथें तीसांहून कमी गोण्यांत तितकेंच पाणी निघूं लागलें. आणि ध्यानांत ठेवावें कीं, उष्णतेपासून काम कसें निघतें याचें शास्त्र तेव्हां या मंडळींपाशीं नव्हतें. शास्त्राचा दिवा नसतां अंधारांत चालावयाचें, तर एकानें ठेंच खाल्ली ती दहांनीं ऐकावी आणि एकास वाट सांपडली ती दहांनीं धरावी, हाच मार्ग.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपली युक्ति शेजाऱ्यास सांगण्याएवढे हे खाणवाले साधुसंत होते काय? मुळींच नाहीं. ते पक्के हिशेबी होते. त्यांचें औदार्य त्यांच्या परिस्थितींतून निघालें होतें, आणि म्हणूनच तें टिकलें.

पहिली गोष्ट, तांब्याचा आणि कथिलाचा भाव बाहेरच्या बाजारांत ठरे. शेजारच्या खाणीचें यंत्र कोळसा अधिक खातें, म्हणून आपल्या तांब्यास दिडकी अधिक मिळते, असें कधींच होत नसे. दुसरी गोष्ट, एकेका धनिकाचे भाग अनेक खाणींत असत. एका खाणींतील सुधारणा दुसरींत गेली तर त्याच्याच खिशांत पडे. तिसरी गोष्ट, पाण्यास हद्द ठाऊक नसते. एका खाणीचा उपसा थांबला, तर तिचें पाणी शेजारणींत शिरावयाचें. १७४८ सालींच तेथें 'ग्रेट काउंटी ॲडिट' नांवाचा एक सामाईक भुयारी पाट खणण्यास आरंभ झाला होता. सर्व फांट्यांसह त्याची लांबी पुढें तीस मैलांच्या वर गेली, आणि अनेक खाणींचें पाणी त्यांतून वाहून जाऊं लागलें. ज्यांनीं पाण्याची वाट एक केली होती, त्यांस आंकड्यांची वही एक करणें जड गेलें नाहीं. आणि चौथी गोष्ट इंजिनियरांची. पत्रकांत ज्याचें नांव वर, त्यास दुसऱ्या खाणीचें बोलावणें. गुप्त ठेविल्यानें नव्हे, तर उघड केल्यानें त्याची भाकर वाढे.

प्रांताचें यामुळें नुकसान झालें काय? उलट, गिऱ्हाईक घर शोधीत आलें. बाहेरच्या इंजिनियरांस हे आंकडे प्रथम खरे वाटेनात. तेव्हां लंडनला पाणी पुरविणाऱ्या एका कंपनीच्या थॉमस विकस्टीड या इंजिनियरानें १८३७ त कॉर्नवॉलचें एक यंत्र विकत घेऊन लंडनास नेलें, आणि त्याची स्वतः परीक्षा घेतली. यंत्र खरें उतरलें. पुढें हॉलंडमध्यें हार्लेमचें विस्तीर्ण सरोवर उपसून काढण्याचें ठरलें, तेव्हां त्या कामास कॉर्नवॉलच्या पद्धतीचीं तीन प्रचंड यंत्रें लावलीं. त्यांपैकीं क्रुकियस येथील यंत्राचें नळकांडें १२ फूट व्यासाचें असून तें कॉर्नवॉलच्याच ओतशाळेंत ओतलेलें आहे. १८५२ त तें सरोवर कोरडें झालें. ॲम्स्टरडॅमचा स्किफोल विमानतळ आज त्याच तळावर उभा आहे! आपली विद्या ज्यांनीं छापून वाटली, त्यांच्याच दारीं जग यंत्रें मागावयास आलें. कारण कागदावर कृति मिळते, पण हात मिळत नाहीं. तीस वर्षांच्या सरावानें तयार झालेले कारागीर, ओतारी आणि यंत्रज्ञ त्या प्रांतांतच होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, गोष्ट फारच गोड झाली. तिची कडू बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर आम्हीही हातचें राखल्यासारखें होईल.

ज्या ट्रेव्हिथिकनें पेटंट न घेतां यंत्र सर्वांस मोकळें केलें, त्याचें काय झालें? तो १८१६ त दक्षिण अमेरिकेंत पेरू देशाच्या खाणींकडे गेला, आणि अकरा वर्षांनीं रिकाम्या हातानें परतला. त्याच्या युक्तीनें प्रांताचा अपार कोळसा वांचत होता. १८२८ त त्यानें पार्लमेंटकडे बक्षिसासाठीं अर्ज केला. त्यास कांहींही मिळालें नाहीं. १८३३ सालीं डार्टफर्ड गांवीं, बिऱ्हाडाच्या जागीं, तो निर्धन स्थितींत वारला, आणि ज्या कारखान्यांत तो शेवटीं काम करीत होता तेथील मजुरांनीं त्याच्या अंत्यविधीचा भार उचलला. त्याच्या दारिद्र्यास त्याचा अस्थिर, धाडसी स्वभावही कारण होता, हें खरें. तरीही ज्या समाजानें त्याचें घेतलें, त्या समाजानें त्यास विचारिलें नाहीं, हा डाग पुसत नाहीं. हॉर्नब्लोअर पेटंटाच्या भिंतीवर आपटला, आणि ट्रेव्हिथिक मोकळ्या मैदानांत उपाशी राहिला. मुक्त संशोधनाचा गौरव करणाऱ्यांनीं हीं दोन्ही चित्रें एकमेकांशेजारीं टांगून ठेवावीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, ही व्यवस्था देखील कायम ताजी राहिली नाहीं. कांहीं इंजिनियर आंकड्याच्याच मागें लागले. यंत्रांवर ताण वाढून मोडतोड होऊं लागली. १८४५ च्या पुढें सरासरी ड्यूटी चढण्याऐवजीं उतरूं लागली, आणि पत्रकांत यंत्रें नोंदविण्याचा उत्साहही मंदावला. शेवटीं १८६६ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. परदेशांतील स्वस्त तांब्यापुढें कॉर्नवॉलचा टिकाव लागला नाहीं. हजारों खाणकामगार ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका येथें निघून गेले. आपल्या देशांतील कोलारच्या सोन्याच्या खाणींतही कॉर्नवॉलचीं माणसें कामास आलीं होतीं. कॉर्नवॉलची शेवटची कथिलाची खाण १९९८ त बंद पडली. यंत्रघरांच्या दगडी भिंती आणि उंच धुराडीं तेवढीं उभीं राहिलीं, आणि २००६ सालीं युनेस्कोनें त्या प्रदेशास जागतिक वारशांत स्थान दिलें. मुक्त विद्येनें कोळसा वांचविला. जमिनीच्या पोटांतील तांबें आणि जगाच्या बाजारांतील भाव मात्र तिच्या हातचे नव्हते. तथापि जो प्रांत कदाचित् साठ वर्षें आधींच पाण्याखालीं गेला असता, तो तेवढीं वर्षें ताठ उभा राहिला, हेंही कांहीं थोडें नव्हे.

रॉबर्ट ॲलन या अर्थेतिहासकारानें १९८३ त इंग्लंडच्या क्लीव्हलंड प्रांतांतील लोखंडाच्या भट्ट्यांचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, तेथेंही भट्टी किती उंच बांधल्यानें इंधन वांचतें याचा अनुभव एकमेकांस उघडपणें सांगितला जात होता, आणि त्या बळावर भट्ट्या पन्नास फुटांवरून ऐंशी फुटांवर गेल्या. या रीतीस त्यानें 'सामुदायिक शोध' असें नांव दिलें. तेव्हां कॉर्नवॉलची कथा एकटी नाहीं.

या सर्वांतून आम्हांस जें दिसतें तें असें. ज्ञान मोकळें केल्यानें वाढतें, पण आपोआप वाढत नाहीं. १८०० नंतरचीं दहा वर्षें मुक्ततेचीं होतीं, तरीही तीं वांझ गेलीं. पुढचीं तीस फळलीं. मध्यें फरक पडला तो एका मापाचा, तें माप प्रामाणिकपणें घेणाऱ्या एका त्रयस्थ माणसाचा, आणि तें दर महिन्यास न चुकतां सर्वांपुढें मांडणाऱ्या एका साध्या पत्रकाचा. ज्या गांवांत, ज्या पेठेंत एकाच धंद्याचीं दहा दुकानें शेजारीं शेजारीं आहेत, तेथें 'तुझें गुपित मला सांग' असें म्हणून कांहीं होणार नाहीं. 'आपण सारे एका मापानें मोजूं' असें म्हटलें तर कदाचित् होईल. आणि ज्याच्या युक्तीनें दहांचें भलें झालें, त्याच्या ताटांत दहांनीं घांस घातला पाहिजे, हें कलम त्या ठरावांत पहिल्याच दिवशीं लिहून ठेवावें.

राहतां राहिली आजीबाईंची गोष्ट. त्यांनीं कांहीं लपविलें होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांच्यापाशीं हात होता, माप नव्हतें. म्हणून देण्याची इच्छा असूनही त्यांस देतां आलें नसावें. तेव्हां ज्या घरांत अद्याप असा एखादा जाणता हात आहे, त्या घरांतील सुनांनीं आणि नातींनीं यंदा लोणचें घालतांना वाटी, चमचा आणि एक वही जवळ घेऊन बसावें. आजींचा अंदाज पडला कीं तो मोजावा आणि लिहावा. आणि वहीच्या वरच्या बाजूस आजींचें नांव घालावयास विसरूं नये.